माथेरानच्या डोंगरावरचा प्रबंध

माथेरानमध्ये घर दुरुस्त करायचे तर सिमेंटची गोणी ट्रकमधून दारात येत नाही. ट्रक दस्तुरी नाक्यावर थांबतो. तिथून पुढे घोड्याची पाठ, हातगाडी किंवा हमालाचे डोके. वाळू, खडी, पत्रा, लादी, नळाचे पाइप, सारे याच वाटेने वर जाते. त्यामुळे खाली नेरळ-कर्जतला बांधकामाचा जो हिशेब चालतो, तो वर चालत नाही. इथे वस्तूची किंमत तिच्या वजनावर ठरते. डोंगर मोटारींना बंद आहे, त्याच्या आधी तो चाकांनाच बंद होता. पहिला बंगला बांधला गेला तेव्हापासून या गावातली प्रत्येक भिंत कुणीतरी वाहून नेलेल्या ओझ्यातून उभी राहिली आहे.

इथल्या जुन्या घरांची उंची, भिंतींची जाडी, छपराचे पत्रे, व्हरांड्याची रुंदी यांतले किती हवामानाने ठरवले, किती मालकाच्या आवडीने आणि किती या वाहतुकीच्या हिशेबाने? प्रश्न साधा दिसतो. पण उत्तर द्यायचे तर पाच-पन्नास घरे मोजावी लागतील, जुने दप्तर चाळावे लागेल, गवंड्यांशी आणि घोडेवाल्यांशी बोलावे लागेल, चार पावसाळे भिंतींची ओल टिपावी लागेल. म्हणजेच वास्तुकलेत पीएच.डी. करावी लागेल.

महाराष्ट्रात वास्तुकलेची महाविद्यालये गेल्या तीस-चाळीस वर्षांत गावोगावी निघाली. तिथे शिकवणाऱ्या अनेकांच्या तोंडी आज एकच विषय असतो: रजिस्ट्रेशन झाले का, गाइड मिळाले का, सिनॉप्सिस कुठवर आला. या पदवीने वास्तुकलेला काय मिळते आणि ज्या गावांवर प्रबंध लिहिले जातात त्या गावांना काय मिळते, हे पाहायला माथेरानसारखी जागा शोधून सापडायची नाही.

घर बांधायला लागत नाही ती पदवी

वैद्याला रोग्यावर उपचार करायला पीएच.डी. लागत नाही, तशी वास्तुरचनाकाराला घर बांधायलाही लागत नाही. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झाली. पाच वर्षांची बी.आर्क. पूर्ण करून कौन्सिलकडे नोंदणी केली की ‘आर्किटेक्ट’ ही पाटी दारावर लावता येते. पुढची दोन वर्षांची एम.आर्क. ज्याला रस आहे त्याने करावी. पीएच.डी. त्याच्याही पुढची. तिच्यामुळे नकाशा मंजूर होत नाही, गिऱ्हाईक वाढत नाही, साइटवरचा मिस्त्री जास्त ऐकतो असेही नाही.

मग ती करतात कोण? बहुतेक जण शिक्षक. प्राध्यापकपदाच्या बढतीला पीएच.डी. लागते, हे उघड कारण. त्यात गैर काही नाही. नोकरीची शिडी सगळ्यांनाच चढावी लागते. पण शिडीसाठी घेतलेला विषय आणि झोप उडवणारा विषय यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो प्रबंधाच्या पहिल्या वीस पानांत वाचणाऱ्याला कळतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ची नियमावली या प्रवासाची चौकट ठरवते. किमान तीन वर्षे, कमाल सहा. स्त्रिया आणि दिव्यांग संशोधकांना आणखी दोन वर्षांपर्यंत सवलत, शिवाय प्रसूतीसाठी २४० दिवसांपर्यंत रजा. किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचा जाब. शेवटी किमान दोन बाह्य परीक्षक आणि तोंडी परीक्षा. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्याचीही मुभा आहे, आणि वास्तुकलेत हीच वाट जास्त वापरात आहे. पूर्णवेळ करणाऱ्याला यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींवर अनेक मुले संशोधनात उतरली. ज्यांच्या घरात आधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशी मुलेही त्यांत आहेत. हे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून त्यांना रस्त्यावर बसावे लागते, ही आपणा सर्वांनाच लाजिरवाणी गोष्ट आहे.

नागपूरच्या व्हीएनआयटीत, पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात, महाराष्ट्राबाहेर रुरकी आणि खरगपूरच्या आयआयटींत, अहमदाबादच्या सेप्टमध्ये, दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वास्तुकलेचे संशोधन चालते. तरीही जगभर ही पदवी वयाने लहानच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९६४ साली वास्तुकलेचा पीएच.डी. अभ्यासक्रम सुरू केला. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने पुढे वेगळीच वाट काढली: व्यवसायातल्या वास्तुरचनाकाराने आपले स्वतःचे काम तपासावे आणि त्यातून ज्ञान मांडावे. प्रबंध शब्दांत लिहायचा की रेखाटनांत, हा वाद त्यातून उभा राहिला आणि अजून मिटलेला नाही.

या वादाच्या मुळाशी एक खरी अडचण आहे. पाच वर्षे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला एकच सवय लावली जाते: प्रश्न समोर आला की पेन्सिल उचलायची आणि उत्तर काढायचे. संशोधनात याच्या उलट शिस्त लागते. उत्तर सुचले तरी हात आवरायचा. आधी प्रश्न नीट मांडायचा, दुसऱ्यांनी काय म्हटले ते वाचायचे, पुरावा गोळा करायचा, आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही पोटात घालायचा. अनेक हुशार डिझायनर इथेच अडकतात. पहिली दोन वर्षे त्यांच्या हाती काही लागत नाही, कारण ते प्रश्न शोधण्याऐवजी प्रकल्प शोधत असतात.

बंगल्याचा व्हरांडा

माथेरानची लिखित कथा बहुतेक वेळा १८५०च्या मे महिन्यापासून सांगितली जाते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम आजच्या खालापूर तालुक्यातल्या चौक गावी होता. तिथल्या पाटलाला सोबत घेऊन तो डोंगर चढला. जागा आवडली, पुढे त्याने वर घर बांधले. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने रस्ते आणि बंगल्यांच्या जागा आखून घेतल्या. १८५६ साली रेल्वे नेरळवरून पुढे गेली आणि मुंबईच्या उकाड्यातून सुटका एका दिवसाच्या अंतरावर आली. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून दोन फुटी रुळांची गाडी वर नेली. खर्च आला १६ लाख रुपये. १९०५मध्ये नगरपालिका झाली होती. गाव उभे राहिले.

हिल स्टेशनांवर जगात बरेच लिहिले गेले आहे. अँथनी किंग यांचे ‘द बंगलो’ हे १९८४चे पुस्तक बंगालच्या साध्या झोपडीपासून जगभर पसरलेल्या एका घरप्रकाराचा माग काढते. डेन केनेडी यांचे १९९६चे ‘द मॅजिक माउंटन्स’ हिल स्टेशने ही इंग्रजी राजवटीची गरज कशी होती ते सांगते. वास्तुकलेच्या संशोधकाला ही पुस्तके टाळून पुढे जाता येत नाही. पण दोन्हींचा रोख मोठ्या पटावर आहे. एका बंगल्याच्या जोत्यापाशी गुडघे टेकून बसणे हे काम अजून आपले आहे.

ते काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. जुना बंगला मोजायचा तर दोघे तरी लागतात. एक जण टेपचे शून्य टोक एका कोपऱ्यावर धरून ठेवतो आणि दुसरा पुढे चालत प्रत्येक खिडकीचे, खांबाचे, दाराचे माप त्याच शून्यापासून वाचत जातो. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला तर चुका साठत जातात आणि शेवटी भिंत वीतभर लांब होते. मग खोलीचे दोन्ही कर्ण. कारण जुन्या घराचा कोपरा काटकोनात असेल असे गृहीत धरता येत नाही. कर्ण घेतले नाहीत तर कागदावर चौकोन बसत नाही. आता लेझर आले, ड्रोन आले, तरी पहिला दिवस टेपचाच असतो. टेप हातात असला की माणूस घराच्या इतक्या जवळ जातो की गिलाव्याखालचा जांभा दिसतो, चौकटीची कीड दिसते, दोनदा वाढवलेल्या व्हरांड्याचा सांधा दिसतो.

जांभा हा या डोंगराचा दगड. खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीने तासता येईल असा. हवा लागली की घट्ट होत जातो. पण तो सच्छिद्र आहे. जोत्यातून पाणी शोषतो आणि भिंतीत वर चढवतो. चुन्याच्या दर्जेत आणि गिलाव्यात ही ओल बाहेर पडायला वाट मिळते. दुरुस्तीच्या वेळी सिमेंटचा गिलावा चढवला की वाट बंद होते, ओल आत कोंडते, वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि मालकाला वाटते की दगडच वाईट होता. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सरळ पडत नाही, वाऱ्यावर आडवा येतो. म्हणून व्हरांडा इथे फक्त चहा घेत बसायची जागा नाही. भिंत आणि पाऊस यांच्यातले ते एक दालन आहे. जिथे व्हरांडा काचेने बंद करून खोली केली, तिथे पावसाचा मारा थेट राहत्या खोलीच्या भिंतीवर आला.

संशोधकाने इथे काय करायचे? व्हरांडा असलेले आणि बंद केलेले असे बंगले निवडायचे, भिंतींत ओल मोजायची, आत-बाहेर तापमान आणि आर्द्रता टिपणारी छोटी यंत्रे वर्षभर ठेवायची, दुरुस्तीच्या पावत्या आणि आठवणी गोळा करायच्या. मग ‘व्हरांडा बंद करू नका’ हे वाक्य आवड-निवडीचे उरत नाही. त्याच्या मागे आकडे उभे राहतात.

पैसा कुणाचा, हात कुणाचे

वास्तुकलेतल्या पीएच.डी.ने आपल्या भागाकडे पाहायची नजर कशी बदलली, याचे एक चांगले उदाहरण मुंबईचे आहे. प्रीती चोप्रा यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला वास्तुकलेत पीएच.डी. केली. त्यांचे ‘अ जॉइंट एंटरप्राइज’ हे पुस्तक २०११मध्ये आले. ब्रिटिश मुंबई इंग्रजांनी बांधली, ही रुळलेली समजूत त्यांनी दप्तरे उघडून तपासली. पारशी, गुजराती, बोहरी, मराठी धनिकांच्या देणग्या, इथले अभियंते आणि कारागीर यांच्याशिवाय हे शहर उभे राहिले नसते, हे त्यांनी इमारतींच्या आधाराने दाखवले.

ही नजर माथेरानला लावली की कथा बदलते. मॅलेटचे नाव गाइडच्या तोंडी असते, पण गाव मुंबईच्या माणसांना खुले झाले ते पीरभॉय बाप-लेकांच्या गाडीने. बंगले इंग्रजांबरोबर पारशी आणि बोहरी कुटुंबांचेही होते. आणि त्या बंगल्यांत कामाला, बाजारपेठेत धंद्याला, पालख्या वाहायला, रिक्षा ओढायला आली ती मराठी माणसे. हुतात्मा भाई कोतवाल १९१२ साली याच गावात एका नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले आणि १९४३च्या जानेवारीत सिद्धगडावर गोळ्यांना सामोरे गेले. बंगल्यांची यादी करताना अशा घरांच्या गल्ल्या नकाशावर कोऱ्या राहतात, हा संशोधनाचाच दोष.

मराठी मुलुखातले दुसरे उदाहरण पुष्कर सोहोनी यांचे. मूळ शिक्षण वास्तुकलेचे, पीएच.डी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून, विषय निजामशाहीचे बांधकाम. अहमदनगर-दौलताबाद परिसरातले महाल, बागा, पाण्याच्या वाटा, किल्ले. त्यावरचे त्यांचे पुस्तक २०१८मध्ये आले आणि ते पुण्याच्या आयसरमध्ये शिकवतात. गावकरी ज्याला नुसता ‘पडका महाल’ म्हणतात, त्याच्या भिंतींतून राज्यकारभार वाचता येतो हे या कामातून कळते. डोळे तयार असले की ढिगाराही दप्तर होतो.

माथेरानचे कागदी दप्तरही कमी नाही. १८७१ साली जॉन स्मिथ यांनी या डोंगरावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये माथेरानला भरपूर पाने दिली आहेत. बंगल्यांच्या जागा सरकारी भाडेपट्ट्याच्या, त्यामुळे अधीक्षकांच्या कार्यालयात कागद साठत गेला. मुंबईच्या पुराभिलेखागारात त्या काळचा पत्रव्यवहार आहे. हे सारे एकमेकांशेजारी ठेवून वाचणे आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणे, यालाच वास्तुकलेतले संशोधन म्हणतात.

लाल माती आणि पेव्हर ब्लॉक

गेली काही वर्षे माथेरानचा सगळ्यात मोठा वास्तुप्रश्न इमारतीचा नव्हताच. तो रस्त्याचा होता. ४ फेब्रुवारी २००३च्या केंद्रीय अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटर परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. त्या अधिसूचनेने विभागीय बृहद् आराखडा मागितला, खाणी बंद केल्या आणि मानवनिर्मित वारशाची नोंद करून त्याच्या जतनाचा आराखडा करायला सांगितले. कागदावर हे सारे उत्तम. पण नोंद करायची म्हणजे कुणीतरी मोजायला हवे, अभ्यास करायला हवा. कायद्याने ज्ञान गृहीत धरले, ते ज्ञान तयार करणारी माणसे मात्र पुरेशी नव्हती.

मग रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आले. एका बाजूचे म्हणणे: लाल माती दर पावसाळ्यात वाहून जाते, धुळीने श्वास लागतो, म्हाताऱ्यांना आणि शाळेच्या मुलांना चालता येत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे: ब्लॉकांवर घोड्यांचे पाय घसरतात, पाणी मुरत नाही, आणि गुळगुळीत रस्ता झाला की मोटारी मागून येतीलच. दोन्ही बाजूंना पोटाचा प्रश्न होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने माणसाने माणूस ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला सांगितली. माथेरानमध्ये अशा ९४ रिक्षांचे परवाने होते; त्या चालकांना ई-रिक्षा द्यायची. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर ब्लॉकना मुभा मिळाली, पण खाली काँक्रीटचा थर घालायचा नाही. आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर ब्लॉक नकोत.

हातरिक्षा थांबायलाच हवी होती. इतकी वर्षे ती चालू राहिली, हे दुःख आहे. पण रस्त्याच्या वादात जी गोष्ट सगळ्यांना हवी होती ती कुणाच्याच हाती तयार नव्हती: या उतारावर, या मातीत, या पावसात कोणता रस्ता टिकतो आणि किती पाणी मुरू देतो याचा काही वर्षांचा अभ्यास. जांभ्याच्या चिऱ्यांचा रस्ता, दगडी बांध घालून अडवलेली माती, सुटे बसवलेले ब्लॉक, असे तुकडे करून चार पावसाळे निरीक्षण केले असते तर वादाला जमीन मिळाली असती. हे काम न्यायाधीशांचे नव्हे. एखाद्या संशोधकाचा प्रबंध वीस वर्षांपूर्वी झाला असता तर घोडेवाला आणि रिक्षावाला समोरासमोर उभे ठाकण्याची वेळ कदाचित टळली असती.

कुडाची भिंत

आणि आता डोंगराच्या पायथ्याचे. माथेरानच्या उतारांवर आणि भोवतालच्या डोंगरांत ठाकर, कातकरी, धनगर यांच्या वाड्या आहेत. वरच्या बंगल्यांची ओझी वाहिली ती इथल्या माणसांनी. त्यांचे जुने घर कारवीच्या काठ्यांच्या कुडाचे, वरून शेण-मातीचा लेप, छपराला गवत किंवा कौले. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि मग वाळते. तिच्या काठ्या सरळ, हलक्या, हव्या तितक्या मिळणाऱ्या. कूड श्वास घेतो, पडला तर माणूस चिरडत नाही, दोन दिवसांत परत बांधता येतो. हेही वास्तुज्ञानच आहे. त्याचे प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आपण बंगल्यांइतक्या निगुतीने काढलेले नाहीत.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले. धोक्याच्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. वाचलेल्यांसाठी चौकजवळ नवी वसाहत उभी राहिली, पक्क्या भिंतींची, रस्त्यालगतची. ती हवीच होती; त्या रात्रीनंतर डोंगराकडे परत जा असे कोण म्हणेल?

पण पुनर्वसनाचे घर कसे असावे, हा वास्तुकलेच्या संशोधनाचा गाभ्याचा प्रश्न आहे. गुरे कुठे बांधायची, पावसाळ्याची लाकडे कुठे ठेवायची, नाचणी कुठे वाळवायची, लेकाचे लग्न झाले की घर कुठे वाढवायचे, बायकांनी दुपारी कुठे बसायचे. अॅमॉस रॅपोपोर्ट यांनी १९६९च्या ‘हाउस फॉर्म अँड कल्चर’ या छोट्या पुस्तकात मांडले की घराचा आकार हवामान आणि साहित्य यांनीच ठरत नाही, त्यामागे राहणाऱ्यांची जगण्याची रीत असते. ते पुस्तक आपल्या अनेक महाविद्यालयांत शिकवले जाते. त्याची परीक्षा इर्शाळवाडीच्या नव्या घरांत आहे. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी त्या घरांचे लोकांनी काय केले, कुठे पडवी काढली, कोणती खोली बंद पडली, हे कुणी चिकाटीने टिपले तर कोकणातल्या पुढच्या प्रत्येक पुनर्वसनाचा नकाशा सुधारेल. अशा प्रबंधाने माणसांचे आयुष्य बदलते, हे म्हणताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

प्रबंध कुठे जातो

पीएच.डी. झाली की प्रबंधाची प्रत शोधगंगा या संकेतस्थळावर चढते. ही व्यवस्था फार मोलाची आहे. गडचिरोलीतला विद्यार्थीही आज नागपूर-पुण्याचा प्रबंध फुकट वाचू शकतो. पण प्रबंध इंग्रजीत असतो आणि ज्या गावावर लिहिला त्या गावाच्या नगरपरिषदेला तो झाल्याचे कळतही नाही. ज्याच्या घराची मापे घेतली, ज्याने चहा पाजला, ज्याने आजोबांच्या वेळच्या दुरुस्तीची हकिकत सांगितली, त्याला शेवटी काही मिळत नाही.

हे बदलणे कठीण नाही. आणि त्यासाठी नवा कायदाही नको. प्रत्येक विद्यापीठाने वास्तुकलेच्या प्रबंधाला एक अट घालावी: शंभर-सव्वाशे पानांचा मराठी सारांश, रेखाटनांसकट, स्थानिक संस्थेला द्यायचा. काढलेले नकाशे घरमालकाला द्यायचे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी त्याच्या हाती काही राहील. आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी एक मांडणी गावात करायची. माथेरानच्या बाबतीत ती नगरपरिषदेच्या सभागृहात व्हावी. समोर नगरसेवक, हॉटेलवाले, घोडेवाले, रिक्षाचालक आणि वाडीतली माणसे बसावीत. परीक्षकांचे प्रश्न अवघड असतात हे खरे, पण ज्याच्या भिंतीला ओल आहे त्याचा प्रश्न त्याहून अवघड असतो.

तरुण वास्तुरचनाकारांना सांगायचे ते इतकेच. पीएच.डी. करायची असेल तर विषय शोधायला ग्रंथालयाआधी नेरळची लोकल पकडा. प्रश्न डोंगरावर आहेत: ओल्या भिंतीत, वाहणाऱ्या मातीत, नव्या वसाहतीतल्या न वापरलेल्या खोलीत. तिथून प्रश्न उचला, चार पावसाळे त्याच्यामागे राहा, आणि उत्तर सापडले की पहिली प्रत त्याच गावाला द्या. बढती त्यानंतर मिळेल. ती तुमची रीतसर कमाई असेल, आणि गावालाही तिचा अभिमान वाटेल.